चौथ्या टप्प्यात काही नाही

मोजणीदाराने छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. त्या छत्तीस वर्षांत हद्दीचा एकही दगड चुकून मालकाच्याच अंगणात आत सरकलेला त्याला दिसला नाही. दगड सरकायचे ते नेहमी शेजाऱ्याकडे. सख्खे भाऊ सरकवायचे, काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्या सरकवायच्या. एकदा तर भांडण मिटवायला आलेल्या वकिलानेच जेवणाच्या सुट्टीत दगडाला हळूच पाय लावला होता. अशा नोकरीत माणसाचा स्वभाव संशयी होणार नाही तर काय होणार? दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. मोजणीदार पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

निवृत्तीनंतर तो नदीकाठी फिरायला लागला. त्याचं पाऊल मोजून अडीच फुटांचं. लोखंडी पुलापासून जुन्या पंपघरापर्यंत चार हजार दोनशे पावलं भरली. त्याने त्या वाटेचे सहा टप्पे पाडले, आणि गावच्या ग्रंथालयाने त्याचं एक घडीचं पत्रक छापलं: 'नदीकाठच्या लहान वाटा'. कुठे वळायचं, कुठे पाय घसरतो, कुठल्या झुडपात पाणकोंबडी बसते, सगळं पावलांच्या हिशेबाने. लोकांना ते आवडलं. दर रविवारी सकाळी दहा-बाराजण त्याच्या मागे चालायला लागले. फिरून झालं की ज्याला जे दिसलं ते तो सांगायचा आणि मोजणीदार ग्रंथालयाच्या जाड नोंदवहीत लिहायचा. टप्पा, तारीख, वेळ, प्राणी किंवा पक्षी. अकरा वर्षांची ती वही होती आणि तिच्यात दुसऱ्या कुणाचं अक्षर नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो एकटाच चौथ्या टप्प्यात उभा होता. तिथे नदी वळण घेते आणि एक जुनं वाळुंजाचं झाड पाण्यावर पार ओणवं झालंय. त्याच्या मुळांखालून एक चपटं, मिशाळ डोकं पाण्यावर आलं. त्याने मोजणीदाराकडे पाहिलं आणि बुडी मारली. पाणमांजर! या नदीत पाणमांजर शेवटचं कधी दिसलं हे सांगणारा माणूसही आता गावात उरला नव्हता. मोजणीदार तिथेच ओल्या गवतात मटकन बसला. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे त्याने बायकोला सांगितलंही. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही.

आठ दिवसांनी त्याच मुळांपाशी त्याला तारेचा फासा सापडला. गाठ नीट मारलेली, तार नवी कोरी, आणि तिच्यावर चार तपकिरी केस.

त्याने फासा खिशात घातला आणि तोंडाला कुलूप लावलं. पाणमांजराची बातमी त्याने वहीत अजून लिहिली नव्हती हे किती बरं झालं, असं त्याला वाटलं. त्यानंतर दर रविवारी त्याने लिहिलं: 'चौथा टप्पा: काही नाही.' पत्रकाच्या नव्या छपाईत त्याने वाक्य घातलं, 'येथे चिखल फार. वरच्या रस्त्याने जावे.' एवढ्यावर तो थांबला नाही. पाणमांजर एकाच दगडावर पुन्हापुन्हा विष्ठा टाकतं आणि त्यात माशांचे खवले-काटे चकाकत असतात. जाणकाराला तेवढी खूण पुरते. म्हणून रोज उजाडता उजाडता मोजणीदार चौथ्या टप्प्यात जायचा, वाळुंजाच्या फांदीने वाळूवरचे ठसे झाडायचा, दगडावर डबाभर पाणी ओतायचा आणि काखेत वर्तमानपत्र धरून साळसूदपणे घरी यायचा. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आता फासा लावला कुणी, हा प्रश्न उरला. मोजणीदाराने कुणालाही सोडलं नाही. बेकरीवाला आपला कुत्रा नेमका चौथ्या टप्प्यातच का मोकळा सोडतो? गळ टाकून बसणारा न्हावी मासे तर कधी नेत नाही, मग बसतो कशाला? ग्रंथपालबाईंच्या कोटाची कॉलर या वर्षी एवढी मऊ कशी?

"अहो, ती लोकरीची आहे," बायको म्हणाली. "माझ्यासमोर विणलीय तिने."

"लोकरीचीच आहे असं ती म्हणते."

"उद्या माझ्याही पावलांचे ठसे मोजाल तुम्ही."

"मोजलेत. डाव्या पायावर जास्त भार देतेस. डॉक्टरला दाखव."

बायकोने कपाळावर हात मारला, पण डॉक्टरला दाखवलं. गुडघा खरंच झिजला होता. असं काही झालं की मोजणीदाराचा संशयावरचा विश्वास आणखी घट्ट व्हायचा.

मग या वर्षी रविवारच्या फिरण्यात सिस्टर आली. इस्पितळात रात्रपाळी करणारी परिचारिका, चाळिशीची, कामावरून थेट यायची. पायात तेच पांढरे बूट आणि गळ्यात कॅमेरा. डोळे तांबारलेले असायचे पण नजर टाचणीसारखी. तिसऱ्याच रविवारी तिने विचारलं, "मोजणीदार, तिसऱ्या टप्प्यात एवढे पक्षी, पाचव्यात एवढे, आणि मधल्या चौथ्यात काहीच कसं नाही?"

"चिखल आहे."

"पक्ष्यांना चिखलाचं काय?"

मोजणीदाराच्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या बुधवारी तो दुपारी पुलावरून जात होता तेव्हा त्याला लांबून चौथ्या टप्प्यात पांढरे बूट दिसले. सिस्टर वाळुंजाच्या पलीकडे गुडघे टेकून बसली होती आणि काहीतरी छोट्या पिशवीत भरत होती, की पिशवीतून काढून ठेवत होती? आमिष! दुसरं काय असणार? रात्री जागणारी बाई, दिवसा झोपायचं सोडून नदीवर काय करते?

रविवारी सगळ्यांच्या देखत त्याने तिच्यापुढे हात केला. "कॅमेरा दाखवा."

सिस्टरने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि कॅमेरा दिला. पहिल्या फोटोत वाळूवर पाच बोटांचे ठसे. दुसऱ्यात ओली, गुळगुळीत पाठ. तिसऱ्या फोटोत पाणमांजर मुळांवर पडलेलं, आणि त्याच्या पोटाशी दोन पिल्लं. मोजणीदाराने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. दोन वर्षं राखण करूनही पिल्लं झाल्याचं त्याला माहीत नव्हतं. त्याला तो फोटो आणखी थोडा वेळ पाहायचा होता. पण मागून बेकरीवाला मान पुढे काढत होता.

"पुसून टाका," तो म्हणाला. "सगळे."

"का?"

"या वाटेचा नियम आहे."

असा काही नियम नव्हता. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, पण मोजणीदाराच्या तोंडी कोण लागणार? सिस्टरने एकेक फोटो पुसला. पुसताना ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

"आणि पुढच्या रविवारपासून येऊ नका," मोजणीदार म्हणाला.

ती आली नाही. सुंठीवाचून खोकला गेला असं त्याने मनाशी म्हटलं. पण त्या रात्री जेवताना तो बायकोला एकदम म्हणाला, "दोन आहेत." बायकोने विचारलं, "पोळ्या?" तो म्हणाला, "हो."

त्यानंतर महिन्याभराने, एका शुक्रवारी सकाळी, ग्रंथालयात त्याला एक तरुण इंजिनिअर भेटायला आला. हातात नकाशाची गुंडाळी होती, बुटांना वाळलेली माती लागलेली, आणि बोलायला इतका नम्र की मोजणीदार लगेच सावध झाला.

"काका, तुमचे आभार मानायचे होते," इंजिनिअर म्हणाला. "पुलापाशी काठ खचतोय, तिथे दगडी भिंत घालायची आहे. माल उतरवायला, मशिनं उभी करायला जागा हवी. वरिष्ठ म्हणत होते कुठेही उतरवा. मी म्हटलं, नाही, आधी प्राण्यांचं बघू. आणि मग ग्रंथपालबाईंनी तुमची वही दाखवली. अकरा वर्षांचं काम! असं कुणी करतं का हो आजकाल?"

मोजणीदाराला बरं वाटलं. नाही म्हटलं तरी वाटलंच.

इंजिनिअरने टेबलावर नकाशा पसरला. "त्यामुळे सगळं सोपं झालं. पहिल्या टप्प्यात खंड्याची घरटी आहेत, तिथे हात लावायचा नाही. तिसऱ्यात कासवं. पाचव्यात बगळे. आणि ही जागा बघा, रिकामी. दोन वर्षांत एक नोंद नाही." त्याने पेन्सिल टेकवली. "झाड वाकलेलंच आहे, ते काढायचं. काठ थोडा कापून उतार करायचा. सोमवारी सकाळी मशीन येईल."

पेन्सिल वाळुंजावर होती.

मोजणीदाराने खोलीभर नजर फिरवली. ज्याच्यावर संशय घ्यावा असा एकही माणूस खोलीत नव्हता. हा पोरगा खरंच भला होता. त्याने वहीवर विश्वास ठेवला होता, आणि वही मोजणीदाराची होती.

"साहेब," तो म्हणाला, "तिथे पाणमांजरं आहेत. पिल्लंसुद्धा आहेत."

इंजिनिअरच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं आखडलं. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"पण तुम्हीच लिहिलंय, काही नाही."

"लिहिलंय. ते... मुद्दाम लिहिलंय. कुणाला कळू नये म्हणून."

इंजिनिअरने ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. ग्रंथपालबाईंनी कॉलर सारखी केली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"काका, रागावू नका," इंजिनिअर म्हणाला, "पण आमच्या कामात हे नेहमीचं आहे. मशीन येणार म्हटलं की ज्या झाडावर कधी चिमणी बसली नाही, तिथे दुर्मीळ घुबड बसतं. कुणाला आवाज नको असतो, कुणाला धूळ नको असते. तुमचं घर कुठल्या बाजूला?"

"घराचा काय संबंध? आत्ता चला. आत्ता दाखवतो."

म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. दोघं चौथ्या टप्प्यात पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. वाळू स्वच्छ होती. दगड धुतलेला होता. त्याच सकाळी, सव्वापाचच्या सुमाराला, मोजणीदाराने नेहमीप्रमाणे इमानेइतबारे काम उरकलं होतं. हे त्याला वाटेत कुठेही आठवलं नव्हतं. आठवलं ते वाळूपुढे उभं राहिल्यावर.

इंजिनिअर खाली वाकला. "हे ओरखडे कसले? कुणीतरी झाडलंय इथे."

"मी झाडलंय."

"तुम्ही?"

"रोज झाडतो. ठसे दिसू नयेत म्हणून."

इंजिनिअर उभा राहिला आणि त्याने हातावरची वाळू झटकली. त्याचा आवाज अजूनही नम्र होता. "म्हणजे ठसे होते, ते तुम्ही पुसले. नोंदी होत्या, त्या तुम्ही केल्या नाहीत. प्राणी आहेत, पण तुमच्याशिवाय कुणी पाहिले नाहीत."

मोजणीदाराने धुतलेल्या दगडाकडे पाहिलं.

"उद्या दुपारपर्यंत मी कार्यालयात आहे," इंजिनिअर म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा पुरावा आणा. तुमचा नको."

मोजणीदार पंधरा मिनिटं तिथेच उभा राहिला. मुळांखाली काही हललं नाही. छत्तीस वर्षांत तो अनेकांना म्हणाला होता, तुमचं नको, दुसऱ्या कुणाचं सांगा. ऐकायला ते एवढं झोंबत असेल हे त्याला माहीत नव्हतं. आणि पुराव्याचा विचार करताना त्याच्या डोळ्यांपुढे एकच व्यक्ती येत होती, जिच्याकडे पुरावा होता आणि जिला त्याने तो स्वतः पुसायला लावला होता.

संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळी तो इस्पितळात गेला. सिस्टर औषधांच्या खोलीत बाटल्या मोजून कपाटात लावत होती. त्याला बघून तिने कपाटाला कुलूप घातलं. ते सवयीने होतं की त्याला बघून होतं, हे काही त्याला कळलं नाही.

त्याने सगळं सांगितलं. उभ्यानेच, एका दमात, फाशापासून पेन्सिलीपर्यंत. सिस्टरने त्याला बसायला सांगितलं नाही.

"म्हणजे फासेवाले तुम्ही नव्हे," शेवटी ती म्हणाली.

"मी?"

"रोज पहाटे एक माणूस येतो. फांदीने ठसे पुसतो, दगड धुतो, आणि वहीत लिहितो की इथे काही नाही. कुणी फोटो काढले तर पुसायला लावतो. माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?"

मोजणीदाराने प्रामाणिकपणे विचार केला. "पोलिसात गेलो असतो."

"मी गेले होते. ते म्हणाले, फोटो दाखवा."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं. मोजणीदाराला खूप बोलायचं होतं, पण त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "ती पिशवी? त्या बुधवारची? त्यात आमिष नव्हतं?"

सिस्टरने टेबलाखालून पुठ्ठ्याचं खोकं काढलं. आत लहान लहान पारदर्शक पिशव्या ओळीने उभ्या होत्या, इस्पितळात तपासणीचे नमुने ठेवतात तशा. प्रत्येकीत वाळलेलं काळपट काहीतरी आणि त्यात चमकणारे खवले. प्रत्येकीवर चिठ्ठी: तारीख, वेळ, जागा, आणि खाली दोन सह्या.

"दुसरी सही कुणाची?"

"माझ्याबरोबर पाळी करणाऱ्या परिचारिकेची. सुट्टी असली की पहाटे, नाहीतर दुपारी, दोघी जायचो; त्या बुधवारी ती झाडाआड होती. आमच्याकडे एकाच्या सांगण्यावर काही चालत नाही. औषध मी देते, दुसरी बघते, दोघी सह्या करतो. एकतीस पिशव्या आहेत."

"पण मी रोज दगड धुतो!"

"एकच धुता. वाळुंजाच्या मागे, मुळांच्या पलीकडे दुसरा दगड आहे. त्यांचा खरा दगड तोच. तुमच्या वाटेवरून दिसत नाही." ती पहिल्यांदाच किंचित हसली, आणि ते हसू काही गोड नव्हतं. "पावलं मोजणाऱ्या माणसाला वाटेबाहेरचं दिसत नाही बहुतेक."

अकरा वर्षं. मोजणीदाराला कुणीतरी भर चौकात कानाखाली वाजवल्यासारखं झालं. पण खोकं समोर होतं, आणि त्याचा जीव त्या खोक्यात अडकला होता.

"द्या मला. उद्या सकाळी नेऊन देतो."

"तुम्हाला?" सिस्टरने खोक्यावर हात ठेवला. "नाही. मी स्वतः नेईन. आणि नुसतं नेऊन भागणार नाही. माझ्या पिशव्या सांगतात आहे, तुमची वही सांगते नाही. कार्यालयात वही खरी धरलीय. आधी तुम्ही वहीत लिहून सही करा की या टप्प्याच्या तुमच्या नोंदी खोट्या आहेत. मग मी बोलते."

"इंजिनिअरला तोंडी सांगितलंय मी."

"लिहा," सिस्टर म्हणाली आणि कामाला लागली.

घरी येऊन तो जेवला नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि समोर बसली. त्याने आज तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं: फासा, फांदी, डबा, पिल्लं. ती मधे एकदाही बोलली नाही, आणि हीच गोष्ट मोजणीदाराला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटली.

"कुंपणच शेत खातं म्हणतात ना," शेवटी ती म्हणाली, "ते लबाडीने खातं असं मला वाटायचं. काळजीनेही खातं म्हणायचं."

"तसं लिहिलं तर अकरा वर्षांचं काम मातीत जाईल. लोक म्हणतील, म्हातारा मनाला येईल ते लिहायचा."

"आणि नाही लिहिलं तर?"

झोपण्याआधी त्याने चष्मा पुसून उशाशी ठेवला आणि पेनात शाई भरली, तेव्हा बायको समजली.

शनिवारी ग्रंथालय उघडलं तेव्हा तो पायरीवर उभा होता. ग्रंथपालबाईंनी वही दिली. त्याने कोरं पान काढलं आणि मोठ्या, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'चौथ्या टप्प्याच्या गेल्या दोन वर्षांच्या माझ्या सर्व नोंदी खोट्या आहेत. तेथे पाणमांजरे आहेत. मी जाणूनबुजून लपवले.' सही केली, तारीख घातली. ग्रंथपालबाईंनी वाचलं. वही बंद करण्याआधी शाई वाळायला त्या दोन मिनिटं थांबल्या. त्या कॉलरबद्दल आपण काय काय विचार केला होता ते आठवून मोजणीदाराला स्वतःची लाज वाटली.

कार्यालयात सिस्टरने एकतीस पिशव्या तारखेप्रमाणे टेबलावर मांडल्या. इंजिनिअरने एकेक चिठ्ठी वाचली. मग वहीतलं पान वाचलं, एकदा आणि पुन्हा एकदा. त्याने नकाशा काढला आणि वाळुंजावरची खूण खोडरबराने पुसली.

"माल पलीकडच्या काठाला, जुन्या वीटभट्टीच्या मैदानावर उतरवू," तो म्हणाला. "लांब पडेल, पण पडू दे."

मोजणीदाराने खुर्चीचा हात धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्याने लपवलं नाही.

"एक विचारू?" इंजिनिअर म्हणाला. "मग बाकीच्या पाच टप्प्यांचं काय?"

"ते खरं आहे. सगळं खरं आहे."

"असं कोण म्हणतंय?"

"मी," मोजणीदार म्हणाला, आणि खोलीतलं कुणीही हसलं नाही.

इंजिनिअरने वही हळूच मिटली आणि त्याच्याकडे सरकवली. तिचा आता काही उपयोग नव्हता. कासवं, बगळे, खंड्याची घरटी, सगळं त्याने पुन्हा पाहून घ्यायला माणसं पाठवली. ग्रंथालयाने नवी वही आणली आणि ती सिस्टरच्या ताब्यात दिली. तिने पहिल्याच पानावर नियम लिहिला: प्रत्येक नोंद दोघांनी पाहिलेली हवी.

मोजणीदार दोन रविवार घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या रविवारी बायकोने त्याचे बूट दारात आणून ठेवले आणि स्वतःचेही घातले. "गुडघ्याला चालणं सांगितलंय डॉक्टरने," ती म्हणाली. त्याला ते खरं वाटलं नाही, पण तो निघाला.

सिस्टर पुढे, मोजणीदार सगळ्यात मागे. लोक त्याच्याशी नीट बोलत होते, जरा जास्तच नीट. आजारी माणसाशी बोलतात तसं. चौथ्या टप्प्यापाशी सगळे मुकाट्याने वरच्या रस्त्याने वळले. त्याने वाळुंजाकडे मानसुद्धा वळवली नाही. पिल्लं कशी आहेत हे त्याला सिस्टरला विचारायचं होतं. सबंध वाटभर विचारायचं होतं. पण आपण विचारलं तर ती आधी 'कशाला?' म्हणेल, हे त्याला ठाऊक होतं.

पंपघरापाशी सगळे कट्ट्यावर टेकले आणि सिस्टरने वही उघडली. बेकरीवाल्याने पाणकोंबडी सांगितली, न्हाव्याने दुजोरा दिला. कुणी धोबी पक्षी सांगितला, कुणी कासव. मोजणीदाराची पाळी आली.

"दुसरा टप्पा," तो म्हणाला. "खंड्या. लव्हाळ्यावर बसला होता. चोचीत मासा होता."

"आणखी कुणी पाहिला?"

बेकरीवाल्याने कुत्र्याकडे पाहिलं. न्हाव्याने नखं बघितली. मोजणीदाराने तो खंड्या इतका लख्ख पाहिला होता की माशाची शेपटी कुठल्या बाजूला होती तेही त्याने सांगितलं असतं. पण तेव्हा तो सगळ्यांच्या मागे होता.

"मी पाहिला," त्याची बायको म्हणाली.

सिस्टरने मान हलवली आणि लिहिलं. टप्पा, तारीख, खंड्या, दोन नावं. मोजणीदाराने बायकोकडे पाहिलं. दुसऱ्या टप्प्यात ती वाकून बुटाची नाडी बांधत होती, आणि तिचा चष्मा सकाळपासून पर्समध्ये होता. ती समोर बघत राहिली. तिचा चेहरा असा काही साधा होता की छत्तीस वर्षं दगड सरकवणारी माणसं पाहिलेल्या मोजणीदाराशिवाय कुणीही फसलं असतं. तिचं त्याच्यावर किती प्रेम आहे ते त्याला त्या एका वाक्यात कळलं, आणि त्याला बोलणं फार जड गेलं.

"हिने नाही पाहिला," तो म्हणाला. "खोडा."

"अहो!"

"खोडा, सिस्टर. मी एकट्यानेच पाहिलाय."

बायकोचे कान लाल झाले. सिस्टरने त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला बारीक सही केली. मग पेन हातात तसंच धरून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"चोच खालून लाल होती?" तिने विचारलं.

"हो."

"मग मादी," सिस्टर म्हणाली, आणि काही न लिहिता तिने पान उलटलं.